दोन जावांचं एकमत

इस्त्रीच्या रोलरमधून बाहेर येणाऱ्या मोठ्या पलंगाच्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. येत असती, तर त्या लॉन्ड्रीतल्या दोन जावा दिवसभर एकमेकींचं तोंड बघत उभ्या राहिल्या नसत्या. पण चादर लांबरुंद असते, हाताला चटका बसेल इतकी गरम असते, आणि जमिनीला टेकली की पुन्हा धुवायला टाकावी लागते. तेव्हा थोरलीनं दोन कोपरे धरायचे, धाकटीनं दोन, मागे सरत ताणायची, एक झटका द्यायचा, आणि मग एकीनं चालत जाऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. जी चालत जाते तिलाच वाकून खाली लोंबणारी घडी उचलावी लागते. थोरली कधी चालत गेली नाही. घरात आधी आलेली मी, वाकायचं तिनं, असा तिचा साधा हिशेब होता. धाकटी वाकायची, पण वाकताना असा काही सुस्कारा सोडायची की बघणाऱ्याला वाटावं, या बाईच्या पाठीवर कुणी पोतं टाकलंय.

रोलरच्या घरघरीत लांबून बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून जे काही बोलायचं ते कोपरे हातात देताना, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून. त्यामुळे दोघींचे टोमणे आखूड झाले होते आणि बरोबर वर्मी बसत होते.

"भात कच्चा होता सकाळी," धाकटी कोपरे देत म्हणायची आणि मागे सरायची.

पुढची चादर येईपर्यंत थोरली उत्तर तयार ठेवायची. "दात असलेल्यांना लागला नाही कच्चा."

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. हॉटेलांच्या चादरी पांढऱ्याशुभ्र होऊन परत जात होत्या, आणि या दोघींचं मन काही धुतलं जात नव्हतं.

लॉन्ड्रीचा बॉयलर वर्षातून एकदा उघडून साफ करावा लागे. तेवढे तीन-चार दिवस काम बंद. एरवी ते दिवस घरात भांड्यांच्या आदळआपटीत जायचे. यंदा थोरलीच्या नवऱ्यानं, म्हणजे लॉन्ड्रीची गाडी चालवणाऱ्या थोरल्यांनी, जाहीर केलं की सगळ्यांनी बाहेर जायचं. रोलरच्या वर भिंतीला एका प्राचीन नगरीचं चित्र लावलेलं होतं. नुसते खांब, छप्पर नाही, पायऱ्या कुठंही न पोचणाऱ्या. थोरल्यांना ती नगरी मरायच्या आधी एकदा बघायची होती, आणि त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. वाद पुढचा होता. त्या नगरीच्या पुढे रस्ता फुटत होता. एक फाटा समुद्राकडे उतरायचा, दुसरा डोंगरात चढायचा.

"तिन्ही करू," धाकटे, म्हणजे धाकटीचा नवरा, बॉयलरपाशी घाम पुसत म्हणाले. त्यांना सगळं जमतं असं नेहमीच वाटायचं. "सकाळी खांब, दुपारी डोंगर, संध्याकाळी पाण्यात पाय."

"मग तिन्ही गाडीच्या काचेतूनच बघ," थोरले म्हणाले. "खांब आणि एक काहीतरी. समुद्र नाहीतर डोंगर. या दोघींनी ठरवायचं, आणि एकमतानं ठरवायचं. मागच्या खेपेला थर्मास कुणी विसरला यावरून अर्ध्या वाटेतून गाडी परत फिरवावी लागली होती मला. आता एकमत झालं तर गाडी निघेल. नाहीतर गाडी अंगणात आणि मी अंथरुणात."

थोरलीची तिथंच अडचण झाली. कारण तिला समुद्रच हवा होता, आणि तोही पाण्यासाठी नव्हे.

तिची मुलगी समुद्रावर राहत होती. भिंगरी म्हणायचे तिला घरात. वाळत घातलेल्या चादरींच्या मधून गरागरा फिरायची म्हणून. मोठी झाली आणि हॉटेलच्या कपड्यांची गाडी आणणाऱ्या पोराबरोबर एक दिवस निघून गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. पण हॉटेलात चादरींची खोली सांभाळणारी एक बाई मध्यंतरी थोरलीच्या कानाशी लागली होती. तुमची मुलगी दिसली हो मला, समुद्रावर खुर्च्या आणि छत्र्या भाड्यानं देते, कडेवर पोरगी आहे. बास, एवढंच. त्यानंतर थोरलीला प्रत्येक घडीत ती कडेवरची पोरगी दिसायला लागली. बॉयलर उघडायचे दिवस हुकले तर पुढचं वर्ष. आणि पुढच्या वर्षाचं कुणी लिहून दिलंय?

पण "समुद्र" म्हणायची सोय नव्हती. थोरलीनं समुद्र म्हटलं की धाकटी डोंगर म्हणणार. तिनं डाळ म्हटली की ती भाजी म्हणते, खिडकी उघडली की ती लावते. तेव्हा थोरलीनं रात्रभर तळमळून एक डाव रचला. आपणच डोंगर मागायचा, हट्टानं मागायचा, समुद्राला नावं ठेवायची. धाकटी आपोआप समुद्रावर जाऊन बसेल. मग थोडं भांडून, थोडं रडून, मोठेपणानं हार मानायची.

सकाळी पहिलीच चादर ताणताना तिनं सुरुवात केली. धाकटी कोपरे घेऊन आली तशी म्हणाली, "माझं डोंगराचं ठरलंय. तुला काय ते सांगून ठेवते."

"डोंगर? तुमचे गुडघे जिन्यावर बोंबलतात."

"गुडघे माझे आहेत."

चादर ठेवली, दुसरी आली. धाकटीनं झटका जरा जास्तच जोरात दिला. "समुद्राला काय झालं?"

थोरलीला आतून उकळी फुटली. लागला मासा गळाला! तिनं तोंड आंबट केलं. "चिकट वारा, खारट पाणी. अंगभर वाळू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टॉवेलातली वाळू झटकली, आता सुट्टीतही तीच?"

"मला आवडतो वारा."

"तुला आवडतो म्हणून सगळ्यांनी चिकट व्हायचं?"

असं दुपारपर्यंत छान चाललं. एक डोंगर म्हणत होती, एक समुद्र, आणि थोरली मनातल्या मनात समुद्रावर पोचलीही होती. तिला कपाटातला एक जरीचा फ्रॉक आठवला, भिंगरीचा लहानपणचा. तो पिशवीत तळाशी घालायचा असंही तिनं ठरवून टाकलं. आता फक्त एक शेवटचा धक्का, म्हणजे धाकटी हट्टाला पेटेल, असा विचार करून ती म्हणाली, "आणि समुद्राकडे आपलं आहे कोण? कुणाच्या तोंडाकडे बघायला जायचं तिकडं?"

धाकटी कोपरे देता देता थांबली. थोरलीच्या तोंडाकडे तिनं असं बघितलं, जसं धुऊन आलेल्या चादरीवर राहिलेल्या डागाकडे बघतात.

"कोणी नाही?"

"कोण आहे?"

"बरं," धाकटी म्हणाली. "मग डोंगर."

"काय?"

"डोंगर म्हणते आहे. तुमच्या मनासारखं. झालं एकमत. सांगून टाका दादांना." तिनं वाकून घडी उचलली. या वेळी सुस्कारासुद्धा नाही.

इतक्या वर्षांत ही बाई एकदाही थोरलीच्या मनासारखं वागली नव्हती, आणि वागायला नेमका आजचा दिवस शोधला होता.

"थांब जरा," ती पुढची चादर येताच म्हणाली. "डोंगरावर थंडी असते फार."

"स्वेटर घ्या."

"रस्ता वळणावळणाचा. भावोजींना गाडी लागते."

"माझा नवरा मी बघून घेईन."

"अगं, पण तुला वारा आवडतो ना? मी काय, म्हातारी बाई, कुठंही बसेन. तुझ्यासाठी म्हणून समुद्र."

धाकटी हसली. हसणं कसलं, दात दाखवले. "जाऊबाई, भिंगरीला बघायला जायचं असेल तर सरळ म्हणावं. डोंगर, गुडघे, वाळू, कशाला एवढा फेरा?"

त्या नावासरशी थोरलीनं दाराकडे पाहिलं. बाहेर गाडीत गाठोडी चढवल्याचा आवाज येत होता. "हळू बोल! ती तिकडं आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"कधी?"

"दर आठवड्याला सांगते. फोन येतो तिचा."

रोलर घरघरत होता. एक चादर बाहेर आली, दुसरी आली, दोन्ही घसरून जमिनीवर पडल्या. कुणी धरल्या नाहीत.

"माझ्या लेकीचा फोन तुला येतो," थोरली म्हणाली, "आणि तू रोज माझ्यासमोर उभी राहून घड्या घालतेस? भात कच्चा आहे म्हणून सांगतेस, आणि हे सांगत नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"कशी विचारणार? या घरात तिचं नाव..."

"नाव कुणी बंद केलं?"

"कुणी म्हणजे? यांनी."

"दादांनी?" धाकटीनं रोलरचं बटण दाबलं. घरघर बंद पडली तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली, आणि धाकटीचा आवाजही. "दादा म्हणाले होते की ती माझ्या दारात येणार नाही. बास. पुढचं तुम्ही बोललात. चुलीपाशी उभ्या राहून, हातवारे करून. आजपासून या घरात तिचं नाव काढेल त्याची जीभ झडो. माझ्याकडे बघून म्हणालात. कारण तिची वेणी रोज मी घालत होते. तुम्ही इथं वाफेत आणि ती माझ्या पुढ्यात. ती गेली ते मी फूस लावली म्हणून, असंच तुमच्या डोक्यात होतं ना? म्हणून जीभ झडायची ती माझी."

थोरलीला नाही म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण ती चूल, तो हात, आणि बाजूला खाली मान घालून बसलेला नवरा, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. नवरा गप्प होता. इतकी वर्षं तिनं आपलंच वाक्य त्याच्या तोंडी घालून ठेवलं होतं.

"रागात बोलतो माणूस," ती म्हणाली.

"मग रागातच राहा."

"फोनवर काय म्हणते ती?"

"बरंच काही. पोरगी बोलायला लागली. मला आजी म्हणते."

हे धाकटीनं मुद्दाम सांगितलं होतं, आणि ते जिथं लागायचं तिथं लागलं. थोरली पडलेल्या चादरी उचलायला वाकली, म्हणजे तोंड दिसू नये. चादरी उचलून झाल्या तरी ती लवकर वर झाली नाही.

"मला भेटेल का ती?" तिनं खालूनच विचारलं.

"विचारलं होतं मी तिला. तुमच्या वतीनं नव्हे, मलाच बघायचं होतं काय म्हणते ते." धाकटीनं नाक मुरडलं. "म्हणाली, आई येणार असेल तर घरात सगळ्यांसमोर सांगून येऊ दे. चोरून आलेली आई मला नको. मी सगळ्यांना सांगून गेले होते, तिनं सांगून यावं."

"आणि तू हे पोटात ठेवून बसलीस."

"तुम्ही समुद्र म्हणाल, याची वाट बघत होते. यंदा म्हणाल, असं वाटलं होतं. तर तुम्ही म्हणालात, तिकडं आपलं आहे कोण." धाकटीनं पुन्हा बटण दाबलं. "आता काय ते जेवताना सांगा. मी काही तुमच्यासाठी तोंड उघडणार नाही."

"मी कुठं म्हटलं उघड म्हणून?"

"म्हणणारच होतात."

हे खरं होतं, म्हणून थोरलीला आणखी राग आला.

संध्याकाळी चौघं जेवायला बसली. थोरल्यांनी भिंतीवरचं चित्र काढून आणून पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं होतं. खांबांच्या मागे एक बारीकसा रस्ता दिसत होता, आणि धाकटे त्यावर बोट ठेवून फाटा कुठं असेल याचा अंदाज करत होते.

"मग?" थोरले म्हणाले. "झालं का एकमत?"

धाकटीनं घास तोंडात घातला आणि थोरलीकडे बघत सावकाश चावत राहिली. कणभरही घाई नाही. जणू नाटक बघायला पुढच्या रांगेत बसली होती.

"समुद्र," थोरली म्हणाली.

"वा!" धाकटे म्हणाले. "मी म्हटलंच होतं, पाण्यात पाय..."

"पाय नाही बुडवायचेत मला. भिंगरीकडे जायचंय."

धाकट्यांचं बोट चित्रावरच राहिलं. थोरल्यांनी ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा ताटाकडे. त्यांची मान हळूहळू लाल झाली. ते चिडले की आवाज चढत नसे, उतरायचा.

"काय म्हणालीस?"

"आपल्या मुलीकडे. तिला पोरगी झाली आहे. मी बघितलेली नाही. मी जाणार आहे आणि तुम्हाला सांगून जाणार आहे."

"त्या गाडीवाल्याच्या घरी?"

"तुम्हीही गाडीवालेच आहात," धाकटी पटकन म्हणाली. मग आपण बोलणार नव्हतो हे आठवून ती घाईनं पाणी प्यायली.

"तू मध्ये पडू नकोस," थोरले तिला म्हणाले. मग बायकोकडे वळले. "नाव काढणाऱ्याची जीभ झडेल, कुणाचं वाक्य होतं?"

"माझं."

"आठवतं आहे ना? मला वाटलं होतं विसरलीस. मी त्या दिवशी काय म्हणणार होतो ते तू म्हणूच दिलं नाहीस. मी नुसतं दारात येऊ नको म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी कदाचित निवळलो असतो. पण तुझं बोलणं ऐकलं आणि म्हटलं, आईच एवढी तुटली, तर बापानं वाकायचं कशाला? मग मीही नाही निवळलो. आणि आता निवळायचं वय गेलं."

"वयाचं काय..."

"ऐकून घे. नाव तू बंद केलं होतंस, दार मी. तुझं तू उघडलंस, चांगलं केलंस. माझं मी उघडणार नाही. माझी गाडी समुद्राकडे वळणार नाही. एकमत असो नसो."

"दादा, अहो..." धाकट्यांनी सुरुवात केली.

"जेव गप्प."

कुणी जेवत नव्हतं. धाकटी तेवढी ताटातला भात गोळा करत होती. थोरलीला वाटलं, आता उठावं, भांडी आपटावीत, रडावं. तिचं सगळं आयुष्य त्याच वाटेनं गेलं होतं: आधी आरडाओरडा, मग दुसऱ्याच्या नावावर खापर. पण आज खापर फोडायला कुणी शिल्लक नव्हतं. जिच्या नावावर फोडायची ती समोर बसून भात वेचत होती आणि तिनंच खरं सांगितलं होतं.

"नका वळवू," ती म्हणाली. "तुमचे खांब बघायला मी येते. तिथून पुढे फाट्यावर मला उतरवा. तिथून बस जाते. तुम्ही डोंगरावर जा. परत येताना फाट्यावर उभी असेन."

"एकटी?"

"एकटी."

"आणि मी गाडी थांबवली नाही तर?"

"मग चालत्या गाडीतून उतरेन. मग तुम्ही हाडं वैद्याला दाखवत बसा, डोंगर राहील बाजूला."

थोरले हसले नाहीत. पण त्यांनी चित्र उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि त्या बारीक रस्त्यावर अंगठा ठेवला. "थांबवीन," ते म्हणाले. "इंजिन बंद करणार नाही. आणि तिला माझ्याकडून काही सांगायचं नाही. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. विचारलं तर सांग, बाबा खांब बघायला गेले." ते ताटावरून उठले.

धाकटे भावाच्या मागे जाऊ की बायकांजवळ थांबू अशा घोटाळ्यात अडकले आणि शेवटी हात धुवायच्या निमित्तानं नाहीसे झाले.

दोघी उरल्या. थोरली ताटं गोळा करायला लागली. धाकटीनं आपलं ताट दिलं नाही, स्वतः उचललं.

"मीही फाट्यावर उतरणार," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"तिथं उतरून कुठं जाणार तुम्ही? घर माहीत आहे? समुद्रावर छत्र्या काय एकीच्याच आहेत? सगळ्या किनाऱ्यावर भिंगरी, भिंगरी म्हणून ओरडत फिराल. पोलीस घेऊन जातील."

"पत्ता दे मला. मी जाईन."

"पत्ता नाही देणार. मी येणार."

"भावोजी एकटे डोंगरावर काय करतील?"

"दादांबरोबर गप्प बसतील. दोघांनाही सवय आहे."

थोरलीनं ताटं मोरीत आपटली. या बाईच्या शेजारी बसून बसचा प्रवास करायचा, तिच्या मागून चालायचं, तिनं दाखवलेल्या गल्लीत शिरायचं. याहून खांबांखाली चिरडलेलं बरं! पण कडेवरची ती पोरगी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"खिडकीची जागा माझी," ती म्हणाली.

"घ्या. मला वाऱ्यानं कान दुखतो."

"सकाळी तर वारा आवडतो म्हणत होतीस!"

"तुम्ही डोंगर म्हणत होतात."

थोरलीनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात थोडा वेळ बरं वाटलं. मग ती मागे न वळता म्हणाली, "आणि एक लक्षात ठेव. तिथं पोचल्यावर दार मी वाजवणार."

"वाजवा की. पण ती पोरगी दार उघडेल आणि विचारेल, ही बाई कोण? तेव्हा काय सांगणार?"

नळ वाहत राहिला. थोरलीनं दार उघडण्यापर्यंतच विचार केला होता. त्याच्या पुढे एक लहान मूल उभं असेल, मान वर करून बघत असेल, आणि त्याला आपण कोण हे ठाऊकच नसेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"मी सांगेन तिला," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता, पण टोमणाही नव्हता, म्हणून थोरलीला तो ओळखू आला नाही. "माझं ती ऐकते. पण मी सांगेपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"काय सांगशील?"

"ते तुम्ही बसमध्ये माझ्याशी कशा वागता त्यावर आहे," धाकटी म्हणाली आणि आपलं ताट थोरलीच्या ताटांवर ठेवून निघून गेली.